प्रश्न तुमचे: तापलेला फोन, उशिरा पडणारी विकेट आणि भूकंपाच्या आधीचे सेकंद

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं उन्हाची आणि लाईट जाण्याची आहेत. म्हणून तीच आधी घेतली.

परभणीहून एक वाचक: घर पत्र्याचं आहे. दुपारी फोन चार्जिंगला लावला की हात लावू वाटत नाही इतका तापतो आणि ‘तापमान जास्त, चार्जिंग थांबवलं’ असं येतं. दुकानदार म्हणतो चार्जर बदला. पोरगं म्हणतं दोन मिनिटं फ्रीजात ठेवा. कुणाचं ऐकावं?

कुणाचंच नको. चार्जिंग थांबतंय म्हणजे फोन स्वतःला वाचवतोय. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. त्याहून गरम असताना चार्ज केली तर आतल्या द्रवाचं विघटन वाढतं, वायू सुटतो आणि बॅटरी फुगते. फोनमधली चिप बॅटरीचं तापमान सतत मोजते. मर्यादा जवळ आली की आधी करंट कमी करते, मग बंदच करते. आता तुमचा हिशेब बघा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. फोन नुसता पडून पडूनच ४३ ला पोचलेला. चार्जिंगच्या उष्णतेला उरले दोन अंश. आयफोन बनवणारी कंपनी तर फोन ० ते ३५ अंशांच्या हवेतच वापरा असं सांगते. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी ती अट पाळणं कुणालाच जमणार नाही.

तेव्हा वेळ बदला. पहाटे पाच ते सात ही चार्जिंगची सगळ्यात चांगली वेळ. दुपारी लावायचाच असेल तर कव्हर काढा, डेटा आणि हॉटस्पॉट बंद करा, फोन गादीवर किंवा उशीखाली न ठेवता शहाबादी फरशीवर पालथा ठेवा आणि पंखा त्याच्याकडे वळवा. दगड उष्णता ओढून घेतो, कापूस धरून ठेवतो. फास्ट चार्जरऐवजी घरातला जुना १० वॅटचा चार्जर वापरा. करंट दुप्पट केला की बॅटरीच्या आतल्या रोधातून निघणारी उष्णता चौपट होते, त्यामुळे हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या खाली ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर उन्हाळाभर चालू ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. रेंज कमी असली तरी फोन तापतो, कारण टॉवर गाठायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. शेतात रेंजच नसेल तर तो सरळ फ्लाइट मोडवर टाका.

फ्रीज मात्र नाहीच. गार झालेला फोन बाहेर काढला की थंड पाण्याच्या पेल्यावर धरतं तसं दव त्याच्यावर धरतं, आणि आतही धरतं. फोनच्या आत पाणी लागल्यावर लाल होणारी एक बारीक पट्टी असते. ती लाल दिसली की वॉरंटी विसरा.

एक तपासणी आजच करा. कव्हर काढून फोन सपाट फरशीवर उताणा ठेवा. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा नसूनही तो डुगडुगला, किंवा स्क्रीनची कड एका बाजूने उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. आणि फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून परभणी-जिंतूर करत असाल तर तेही सोडा. ऊन लागतं ते वेगळंच. इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे.

अंबाजोगाईहून एक हॉटेलचालक: आमच्या हॉटेलात मॅच फोनवरून मोठ्या टीव्हीवर लावतो. समोरच्या पानटपरीवर डिश टीव्हीची छत्री आहे. तिथं ‘आउट’ म्हणून ओरडतात तेव्हा आमच्याकडं बॉलर अजून पळत येत असतो. गिऱ्हाईक तिकडं जाऊन उभं राहतं. नेट वाढवून घेतलं तरी फरक नाही. कामून?

कारण हा उशीर नेटच्या वेगाचा नाही, पद्धतीचा आहे. छत्रीवर येणारं चित्र जवळजवळ ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जातं आणि परत येतं. जाऊन-येऊन सुमारे ७२,००० किलोमीटर, पण रेडिओलहरीला त्याला पाव सेकंदही पुरतो. बाकी काही सेकंद चॅनेलच्या आणि डीटीएचच्या केंद्रात जातात. नेटवर चित्र असं सलग येतच नाही. त्याचे दोन ते सहा सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार करतात, निरनिराळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवतात. आणि तुमचं ॲप दोन-तीन तुकडे हातात शिल्लक असल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. मध्येच नेट अडखळलं तर चित्र थांबू नये म्हणून हा साठा असतो. सगळं मिळून वीस ते चाळीस सेकंद सहज होतात. एक ओव्हर टाकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही टपरीच्या एक चेंडू मागे आहात.

१०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी ते तुकडे तितकेच लांबीचे राहतात. थोडं हाती लागतं ते एवढंच: मध्ये कधी चित्र अडकलं की तो उशीर साठत जातो, म्हणून प्रत्येक डावाच्या सुरुवातीला ॲप पूर्ण बंद करून उघडा किंवा पडद्यावरचं ‘लाइव्ह’ बटण दाबा. फोनवरून टीव्हीवर पाठवण्यापेक्षा टीव्हीतलंच ॲप वापरा. पण गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर मला विचाराल तर मॅचपुरती छत्रीच लावा.

डेटाचा हिशेबही सांगून ठेवतो, तो दर वेळी उपयोगी पडतो. १ एमबीपीएसचं चित्र तासाला ०.४५ जीबी खातं. ४८० चं साधं चित्र दीड एमबीपीएस धरलं तर तासाला पाऊण जीबीच्या आत, चार तासांच्या टी-ट्वेंटीला पावणेतीन जीबी. फुल एचडी पाच एमबीपीएस धरलं तर तीच मॅच नऊ जीबी. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर पूर्ण सामना बसत नाही तो यामुळे.

उदगीरहून एक शिक्षिका: लाईट गेली की राउटर बंद पडतो. ऑनलाइन तास अर्धवट राहतो. बाजारात १०,००० एमएएचचा राउटर यूपीएस मिळतो, ‘आठ तास बॅकअप’ लिहिलंय. घ्यावा का? घरात इन्व्हर्टर नाही.

घ्या, पण आठ तास विसरा. एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, राउटर चालतो १२ व्होल्टवर. म्हणून वॅट-तास काढायचे: १० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-तास. व्होल्टेज वाढवताना पंधरा-वीस टक्के वाया जातात, हातात उरतात ३० च्या आसपास. फायबरचा डबा आणि वायफाय एकाच पेटीत असलेला राउटर प्रत्यक्षात सहा ते नऊ वॅट घेतो. तीस भागिले आठ, पावणेचार तास. सेल अस्सल असतील तर. दोन वर्षांनी अडीच तास धरा. ऑनलाइन तासासाठी एवढं पुष्कळ झालं. मात्र फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोन्हींचे वॅट मिळवावे लागतील आणि दोन आउटपुटचा यूपीएस लागेल.

घेण्याआधी राउटर उलटा करून त्याच्या पोटावरचं लेबल वाचा. तिथे १२ व्होल्ट आहे की ९, किती अँपिअर, आणि एका गोलात दुसरा गोल काढून + आणि − दाखवलेले असतात त्यात मधल्या ठिपक्याला + आहे ना, हे तीन पाहायचे. ९ व्होल्टचा राउटर १२ च्या पिनला लावला तर तो जळू शकतो. पिनही बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना बाजारात आहेत, आतलं भोक एकाचं २.१, दुसऱ्याचं २.५. दिसायला सारख्या, पण चुकीची बसवली तर सैल राहते आणि दाराचा धक्का लागला तरी राउटर पुन्हा सुरू होतो. मग लोक यूपीएसला शिव्या देतात.

सगळ्यात नेहमीची चूक वेगळीच आहे. राउटरसोबत आलेला १ अँपिअरचा अडॅप्टर यूपीएसला जोडतात. तो १२ वॅटचा. त्यातले आठ राउटरच खातो, उरलेल्या चारांत बॅटरी भरायला दिवस जातो, आणि उदगीरला दिवसातून तीनदा लाईट गेली तर ती कधीच भरत नाही. यूपीएसला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावा. दुकानातच प्लग काढून परीक्षा करा: राउटरचे दिवे क्षणभरही विझता कामा नयेत. विझून परत लागले तर तो नग परत द्या.

एवढं करूनही लाईट गेल्यावर नेट गेलं, तर राउटरवरच्या ‘एलओएस’ दिव्याकडे बघा. लाल असेल तर तुमच्या घरापर्यंत प्रकाशच येत नाही, म्हणजे बहुधा ऑपरेटरच्या बाजूची वीज गेली आहे. काही ठिकाणी फायबर थेट मुख्य केंद्रातून येतं, वाटेत विजेची गरज नसते. पण लहान केबलवाले चौकातल्या एखाद्याच्या घरून वीज घेऊन खांबावरच्या पेटीत स्विच चालवतात. त्या घराची लाईट गेली की सगळी गल्ली बंद. ऑपरेटरला हा प्रश्न यूपीएस घेण्याआधी विचारा.

भूमहून: ढग गडगडले की टीव्हीची पिन काढावी लागते का, बटण बंद केलं तर चालत नाही का?

नाही चालत. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. आणि हजारो व्होल्टच्या झटक्याला बटणातली ती दोन-तीन मिलिमीटरची फट काहीच नाही. एमसीबीनेही (मीटरजवळचं आपोआप पडणारं बटण) हा झटका अडत नाही, ते बटण इतक्या वेगाने पडतच नाही. पिन काढा, आणि छत्रीची केबलही सेटटॉप बॉक्सपासून काढा. ती लोक हटकून विसरतात, आणि गच्चीवरून येणारी तीच वायर सगळ्यात उघडी असते. फायबर काचेचं असल्याने वीज वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या त्या वायरीत आधाराला पोलादी तार असते. ती तार घराबाहेरच कापून बांधलेली हवी. हे सगळं वीज डोक्यावर कडाडायच्या आधी करायचं, नंतर वायरींना हात लावू नये. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं. मृगाच्या आधीपासूनच ते फोनमध्ये असू द्या. मोबाइल वीज ओढतो हे मात्र खोटं. चार्जिंगच्या वायरीला जोडलेला फोन कानाला लावणं ही वेगळी आणि खरी भीती आहे.

कळमनुरी तालुक्यातून एक वाचक: अँड्रॉइड फोन भूकंपाच्या आधी सांगतो म्हणतात. आमच्या भागात १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातला ४.५ चा धक्का बसला होता, त्याच वर्षी २१ मार्चलाही. किती आधी सांगतो? आणि जमिनीतून जे गूढ आवाज येतात ते फोनला कळतात का?

भूकंप होण्याआधी कुणीच सांगत नाही. फोन सांगतो ते भूकंप सुरू झाल्यावर, पण हादरा तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी. खडक सरकला की दोन लहरी निघतात. पहिली प्राथमिक लहर, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास, ती फारसं नुकसान करत नाही. मागून दुसरी, सेकंदाला साडेतीन किलोमीटरची, भिंती पाडणारी. भूकंपाच्या केंद्राजवळ स्थिर पडलेल्या फोनमधला प्रवेगमापक (पडदा आडवा-उभा करणारा तोच) पहिली लहर ओळखतो आणि सर्व्हरला कळवतो. एकाच वेळी, एकाच भागातल्या पुष्कळ फोनांनी तसं कळवलं की लांबच्या फोनांना इशारा जातो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली.

गणित करून पाहू. लहर जमिनीवर यायला, फोनांनी ओळखायला आणि सर्व्हरने ठरवायला सगळे मिळून सहा-सात सेकंद धरा. केंद्र तुमच्याच तालुक्यात, वीस किलोमीटरवर आणि दहा किलोमीटर खोल असेल तर दुसरी लहर साडेसहा सेकंदांत तुमच्या दारात. इशारा आणि हादरा एकत्रच. साठ किलोमीटरवरच्या माणसाला ती सतरा सेकंदांनी गाठते, त्याच्या हातात दहा. म्हणजे केंद्र कळमनुरीत असेल तर कळमनुरीचे फोन नांदेडला सावध करतील, कळमनुरीला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला तेव्हा ही सोय असती, तरी खुद्द किल्लारीला तिचा उपयोग झाला नसता. हे कडू आहे, पण ॲपवर विसंबणाऱ्याला ठाऊक असावं.

तरीही चालू ठेवाच, कारण केंद्र दर वेळी तुमच्याच पायाखाली असेल असं नाही. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’, त्यात ‘भूकंप सूचना’. सापडलं नाही तर ‘लोकेशन’च्या आत बघा. अँड्रॉइड ५ किंवा पुढचं हवं, लोकेशन चालू हवं. तिथेच डेमो आहे, तो एकदा घरातल्या सगळ्यांना ऐकवा, म्हणजे आवाज ओळखीचा होईल. इशारा ४.५ किंवा मोठ्या भूकंपालाच येतो आणि दोन प्रकारचा असतो. हलक्या धक्क्याचा इशारा फोन सायलेंट असेल तर गप्प राहतो. जोरदार धक्क्याचा सायलेंट मोडून मोठ्याने वाजतो. आता मुख्य गोम: रात्री झोपताना डेटा बंद करणाऱ्याला, वायफायही नसेल तर, दोन्हींपैकी एकही येत नाही. डेटा वाचवायचा असेल तर ॲपांचा मागचा वापर बंद करा, मुख्य बटण नको.

दहा सेकंदांत काय करायचं हे घर ठरवतं. सिमेंटच्या खांबांचं घर असेल तर मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसा. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं असेल, दार चार पावलांवर आणि पुढे मोकळं अंगण असेल, तर बाहेर पडा. पुढे बोळ असेल तर नको, बोळात दोन्हीकडच्या भिंती पडतात. १९९३ ला माणसं दगावली ती मुख्यतः अशाच भिंतींखाली: बाहेरचा दगडी थर आणि आतला थर वेगळे, मधे माती आणि खडी, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही, वर दरवर्षी थापलेली माती. घर दुरुस्त करताना माळवदावरची जादा माती उतरवणं आणि दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा देणं, याचा उपयोग कोणत्याही ॲपपेक्षा जास्त.

गूढ आवाजांचं सांगायचं तर वसमत, औंढा, कळमनुरीकडून अशी पत्रं बऱ्याच वर्षांपासून येतात. अगदी लहान आणि उथळ भूकंपाची पहिली लहर जमिनीतून हवेत शिरली आणि तिची कंपनं सेकंदाला वीसच्या वर असली की ती कानाला गडगडाटासारखी ऐकू येते, पण पायाला काही जाणवत नाही. फोनला असला बारीक धक्का बहुधा कळत नाही, त्याच्या प्रवेगमापकाचा स्वतःचा खरखराटच त्याहून मोठा असतो. पडताळायचं असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या, ‘प्रवेग’ निवडा आणि फोन फरशीवर ठेवून नोंद सुरू करा. शेजारून ट्रॅक्टर गेला की रेघ कशी हलते ते आधी पाहून ठेवा, नाहीतर प्रत्येक ट्रॅक्टर भूकंप वाटेल. आवाज आला की तारीख, वेळ सेकंदांसह, आणि भांडी वाजली का, एवढं वहीत लिहा आणि तहसीलमध्ये द्या. वेळ अचूक असेल तर ती नोंद भूकंपमापकाशी ताडून पाहता येते.

औंढा नागनाथहून दहावीची विद्यार्थिनी: आमच्याकडे लायगो होणार आहे. त्याच्या दुर्बिणीतून आम्हाला काय बघायला मिळेल? आणि भूकंपाच्या भागात ती चालेल का?

बघायला काहीच नाही, बाळ. लायगो ही दुर्बीण नाही, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी (जागाच किंचित ताणत-आखडत जाणाऱ्या लहरी) टिपणारं यंत्र आहे. काटकोनात ठेवलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, टोकांना आरसे, मधून लेसर. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांब होते, दुसरी आखूड. तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी लहान असतो. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्डच्या यंत्रांनी टिपली, दोन्हींत ७ मिलिसेकंदांचा फरक होता. तेवढ्या फरकावरून लहर आकाशाच्या कुठल्या मोठ्या पट्ट्यातून आली एवढंच कळतं, नेमकी जागा नाही. लांबच्या देशात आणखी एक यंत्र असलं की जागा आखडत जाते. म्हणून औंढ्याची निवड महत्त्वाची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. दूरच्या देशातला मोठा भूकंपही अशा यंत्राचा तोल घालवतो. म्हणून ४० किलोचे आरसे लोलकाखाली लोलक असे चार पायऱ्यांनी टांगतात. तोल गेलाच तर आरसे पुन्हा जुळवून घेतात. तेवढा वेळ नोंद थांबते, यंत्र मोडत नाही.

सेलूहून: डार्क मोडने बॅटरी खरंच वाचते का?

स्क्रीन ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारी) असेल तर वाचते, एलसीडीवर जवळजवळ नाही. एलसीडीत काळ्याच्या मागेही दिवा जळतच असतो. ओएलईडीवरही पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या चाचणीत ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत ३ ते ९ टक्केच निघाली. ब्राइटनेस पूर्ण असेल तेव्हा ३९ ते ४७. म्हणजे फायदा भर उन्हात, आणि नेमकं तेव्हाच काळ्यावरचं पांढरं वाचता येत नाही. तुमची स्क्रीन कोणती ते बघायला रात्री दिवे घालवून पूर्ण काळा फोटो उघडा. पडदा राखाडी चमकला तर एलसीडी.